ओपनफोम सोर्सवरून बसवताना लॅपटॉप मान टाकतोय, सल्ला हवा

कृष्णाकाठचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत राहतो, सिव्हिलचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट आहे पुराचं पाणी पुलाच्या खांबाभोवती कसं वाहतं याचा. त्यासाठी ओपनफोम, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारं मोफत सॉफ्टवेअर, वापरतोय. डोळ्यासमोर अर्थात आयर्विन पूल. धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं, आम्ही तेव्हा मिरजेला मामाकडे मुक्कामाला होतो.
लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, विंडोज, आत डब्ल्यूएसएल2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वर उबंटू लिनक्स. सोर्स (मूळ कोड) उतरवून ऑलडब्ल्यूमेक, म्हणजे सगळा कोड कंपाइल करणारी स्क्रिप्ट, लावली की तासाभरात ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी1प्लस’ येऊन बंद. तीनदा झालं. कंपायलर बिघडलाय का?

चिवट_पेंग्विन:
कंपायलर ठणठणीत आहे, रॅम संपली. डब्ल्यूएसएल2 ला काही सांगितलं नाही तर ते मशीनच्या निम्मीच रॅम घेतं. म्हणजे तुझ्या हातात 8 नाही, 4 आहे, आणि ओपनफोमचं सी++ टेम्प्लेटांनी गच्च भरलेलं. विंडोजच्या यूजर फोल्डरात ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाईल करून मेमरी 6 जीबी, स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) 8 जीबी लिही. डब्ल्यूएसएल शटडाऊन करून परत उघड. मग ऑलडब्ल्यूमेकला -जे 2 दे (एका वेळी दोनच कामं), त्याच्या वर नाही. सोर्स ठेवलायस कुठे?

कृष्णाकाठचा_पोरगा:
डेस्कटॉपवर, ‘बीई प्रोजेक्ट फायनल’ फोल्डरमध्ये.

चिवट_पेंग्विन:
अरे देवा. विंडोजच्या डिस्कवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच धरली जातात, ओपनफोमला ती वेगळी लागतात. शिवाय नावात रिकाम्या जागा! लिनक्सच्या होममध्ये जा आणि मूळ टारबॉल (उतरवलेली दाबलेली फाईल) तिथे नव्याने सोड. आहे ते फोल्डर कॉपी करू नकोस, त्यात काही फायली एकमेकींवर बसून गेल्या असतील.

ऊसपट्टा_कराड:
थांबा की जरा. सोर्स हवाच कशाला? भाकरी खायची म्हणून कुणी जोंधळा पेरत नाही. उबंटूला तयार पॅकेज आहे, एपीटीने (पॅकेज बसवायची उबंटूची कमांड) दहा-पंधरा मिनिटांत बसतं.

कृष्णाकाठचा_पोरगा:
दादा, सरांनी सॉल्व्हरच्या (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या) समीकरणात एक टर्म घालायला सांगितलीय. म्हणून सोर्स.

ऊसपट्टा_कराड:
तरीही नको. पॅकेजबरोबर हेडर फायली आणि डब्ल्यूमेक (कंपाइल करायचं साधन) दोन्ही येतात. इंटरफोमचं (पाणी-हवा एकत्र धरणाऱ्या सॉल्व्हरचं) फोल्डर आपल्या जागेत कॉपी कर, ‘मेक’ फोल्डरातल्या ‘फाइल्स’मध्ये प्रोग्रामचं नाव बदल, जागा फोम_यूजर_अ‍ॅपबिन (तुझ्या स्वतःच्या प्रोग्रामांचं फोल्डर) दे, टर्म घाल आणि त्या फोल्डरात फक्त डब्ल्यूमेक. चहा उकळेपर्यंत होतं. सगळं घर पाडून बांधायची वेळ गाभ्याच्या लायब्रऱ्या बदलायच्या असतील तेव्हाच येते. मी हे न कळता दोन रात्री घालवल्यात, दुसऱ्या रात्री लाईट गेली ती वेगळीच.

जाळीवाली_ताई:
पॅकेज घ्यायच्या आधी सरांना एक विचार: त्यांच्या केस फायली (उदाहरणाची मांडणी असलेल्या) कुठल्या घराण्यातल्या? ओपनफोमची दोन आहेत. फाउंडेशनच्या आवृत्त्या 10, 11, 12 अशा. दुसऱ्या घराण्याच्या व्ही2312 अशा, म्हणजे 2023 चा डिसेंबर. फाउंडेशनच्या 11 पासून इंटरफोम स्वतंत्र सॉल्व्हर राहिला नाही, फोमरनला (सगळ्यांसाठीच्या एकाच प्रोग्रामला) इनकॉम्प्रेसिबलव्हीओएफ मॉड्यूल द्यावं लागतं. यूट्यूबवर बघून करणारे निम्मे लोक इथेच आपटतात.
आणि जाळी (पाण्याच्या जागेचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल) आवरून. दहा लाख सेलना साधारण 1 ते 2 जीबी रॅम जाते. अख्खा पूल उभा करू नको, एक खांब पुरे.

कृष्णाकाठचा_पोरगा:
सर दुसऱ्या घराण्यातले निघाले. व्ही2312 चं पॅकेज टाकलं, माझा सॉल्व्हर पहिल्या फटक्यात कंपाइल झाला (एक सेमीकोलन सोडून). धरणफुटीचं नमुना उदाहरणही चाललं. लई आभार! फक्त निकाल चित्रात बघायला पॅराफोम उघडलं की खिडकी काळीच दिसते.

जाळीवाली_ताई:
पॅराफोम आतून पॅराव्ह्यूच उघडतं, ते थेट विंडोजवर बसव. केसच्या फोल्डरात ‘केस.फोम’ नावाची रिकामी फाईल कर आणि पॅराव्ह्यूमधून तीच उघड. खांब आला की चित्र इथे टाक.