मदत हवी आहे: पीएच ४ ला फेज (बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस) मेला की फिल्टरला चिकटला?
एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट करून राहिली, चार दिवसांपासून अडकली आहे, कोणी सांगा ना. एमएस२ फेज साधारण २७ नॅनोमीटरचा, फिल्टरची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, म्हणजे आरामात पार व्हायला पाहिजे अन् पीएच ७ ला होतोही, पण नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाण्यात टाकून पीएच ४ वर आणला की गाळलेल्या पाण्यात काहीच नाही, प्लेटवर ई. कोलायचा थर नुसता गढूळ, एक प्लाक (फेजनं बॅक्टेरिया मारले की थरात पडणारा साफ ठिपका) नाही. या फेजचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ३.९ च्या आसपास, तिथे निव्वळ चार्ज शून्य, कण एकमेकांना ढकलत नाहीत, मग गुठळ्या होतात नाहीतर फिल्टरला चिकटतात असं मला वाटते. सर म्हणतात अ‍ॅसिडनं मेला. पीएच ९.५ च्या बीफ एक्स्ट्रॅक्टनं (मांसाच्या अर्कानं) फिल्टर धुवून प्लाक परत आले तर जिवंतच होता हे पक्कं ना? अन् कंट्रोल (तुलनेचा नमुना) कोणता ठेवू, न गाळता नुसता पीएच ४ ला ठेवून परत ७ वर आणलेला चालेल का?