नॅनो इंजिनमुळे पडली नाही

इंजिन दुबळं म्हणून टाटांची छोटी गाडी नॅनो चालली नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या मामांची नॅनो चौघांना घेऊन जोतिबाचा घाट चढायची. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, तेही मागे बसवलेलं इंजिन! कोल्हापुरात गंगावेशीतल्या बोळांत इतक्या सहज वळणारी दुसरी गाडी मी पाहिली नाही.

खरा घात आधीच झाला होता. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली आणि ऑक्टोबरमध्ये जमिनीवरच्या आंदोलनामुळे टाटांना पश्चिम बंगालमधला सिंगूरचा कारखाना सोडावा लागला. त्याऐवजी गुजरातमधल्या साणंदचा कारखाना सुरू व्हायला जून २०१० उजाडला. तोवर टाटांच्या उत्तराखंडमधल्या पंतनगरच्या कारखान्यातून थोड्याच गाड्या निघत होत्या. लोकांचा उत्साह होता तोच काळ असा वाया गेला. त्यात काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या.

आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का! रतन टाटांनीही ती चूक नंतर मान्य केली. आपल्याकडे माणूस कर्ज काढून गाडी घेतो, आधी अंबाबाईला नेऊन पूजा करतो. त्याला 'स्वस्तातली घेतली व्हय?' असं ऐकायचं नसतं. मामांना गल्लीत ते ऐकावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

डिकी बाहेरून उघडायची साधी सोयही २०१५ ला, म्हणजे फार उशिरा आली. जून २०१८ मध्ये तर अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली.