आरोप झालेल्या शिक्षकावरचे चित्रपट सुचवा (उत्तर आधीच हातात न देणारे)

ओंजळ
नमस्कार मंडळी. मी 19 वर्षं शिकवते आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्यावर विद्यार्थ्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. चौकशी झाली, त्यातून काही निष्पन्न झालं नाही, ते पुन्हा वर्गावर जायला लागले. पण चौकशीच्या चार महिन्यांत त्यांना फक्त कार्यालयातलं काम होतं, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. मीही तिथे बसले नाही. ते दोषी आहेत असं मला वाटत नव्हतं, पण नाहीत असंही छातीठोकपणे म्हणवत नव्हतं. त्याबद्दल आम्ही आजतागायत एकमेकांशी बोललेलो नाही.

आता आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा एकत्र चित्रपट बघतो, नंतर त्यावर बोलतो. या विषयावरचा एखादा चित्रपट घ्यावा असं मनात आहे. ते सहकारीही या गटात आहेत. मी त्यांना आधी विचारलं, ते म्हणाले, "बघूया. पण मला कुणी निर्दोष ठरवायला बसवू नका."

'द हंट' (डॅनिश, बालवाडीतल्या शिक्षकावर आरोप होतो तो) पाहिला आहे. मॅड्स मिकेल्सनचं काम विसरता येत नाही. पण त्यात पहिल्यापासून आपल्याला ठाऊक असतं की माणूस निरपराध आहे. आमची अडचण नेमकी ही होती की आम्हाला ठाऊक नव्हतं. असं *ठाऊक नसणं* प्रामाणिकपणे दाखवणारे चित्रपट सुचवा. भाषा कोणतीही चालेल, सबटायटल हवीत.

जुना_प्रेक्षक
तुमच्या वर्णनाला तंतोतंत बसतो तो 'डाउट' (2008). जॉन पॅट्रिक शॅनलीने आपल्याच नाटकावरून काढला आहे. काळ 1964, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली कॅथलिक शाळा. तरुण ननला एका मुलाच्या वागण्यात काहीतरी खटकतं, ती मुख्याध्यापिकेला सांगते, आणि मुख्याध्यापिकेची खात्रीच पटते की फादर फ्लिनचं काहीतरी वावगं चाललं आहे. पुरावा नाही, साक्षीदार नाही, आहे ती फक्त खात्री. मेरिल स्ट्रीप आणि फिलिप सेमूर हॉफमन समोरासमोर येतात तेव्हा पारडं दर मिनिटाला हलतं. खरं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. पावणेदोन तासांचा आहे, त्यामुळे चर्चेला वेळ उरतो.

एक सांगून ठेवतो. आम्ही घरी पाहिला तेव्हा अर्ध्या लोकांना फ्लिन दोषी वाटला, अर्ध्यांना नाही, आणि दोन्ही बाजूंना आपलंच म्हणणं उघड दिसत होतं.

रातराणी
'डाउट'ला +१. व्हायोला डेव्हिस जेमतेम एका प्रसंगात आहे, मुलाच्या आईच्या भूमिकेत. मुख्याध्यापिका तिला सगळं सांगते आणि ती आई जे उत्तर देते ते ऐकून मी चित्रपट थांबवला होता. तेवढ्या एका प्रसंगासाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं.

आणखी एक, 'द टीचर्स लाउंज' (2023, जर्मन). इथे आरोप चोरीचा आहे, पण शाळेत आरोप कसा पसरतो हे याहून नेमकं मी कुठे पाहिलेलं नाही. कार्ला नोवाक गणित आणि व्यायाम शिकवते. विद्यार्थ्यांवर चोरीचा संशय घेऊन त्यांची झडती घेतली जाते, ते तिला सहन होत नाही. म्हणून ती स्टाफरूममध्ये आपल्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून जाते. चित्रणात चेहरा येत नाही, दिसतो तो फक्त ब्लाउजचा नक्षीदार कापडाचा भाग. तेवढ्यावर ती एका बाईंवर बोट ठेवते, आणि त्या बाईंचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. पुढे आरोप करणारी तीच आरोपीच्या पिंजऱ्यात येते. कॅमेरा तिच्या घरी एकदाही जात नाही, सगळं शाळेत. बघताना श्वास कोंडतो.

निळाई
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

अशा धाग्यांवर पहिलं नाव नेहमी 'द हंट'चं येतं. चित्रपट उत्तम आहे, वाद नाही. पण शिक्षकांचा गट फक्त तोच बघून उठला तर मनावर काय कोरलं जाईल? की मूल खोटं बोललं आणि चांगल्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. मी आठवीत असताना एका शिक्षकाबद्दल घरी सांगितलं होतं. घरच्यांनी शाळेत सांगितलं. शाळेने माझी बाकाची जागा बदलली. एवढंच. मला कुणी दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्यामुळे "मुलं काहीही सांगतात" हे वाक्य कुठल्याही चर्चेत आलं की मला आजही गप्प बसवत नाही.

कृपया 'सायलेन्स्ड' (2011, कोरियन) यादीत ठेवा. ग्वांगजूमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या खऱ्या घटनांवर आहे. आरोपी मुख्याध्यापक आणि शिक्षक आहेत, आणि आवाज उठवतो तोही नवा आलेला शिक्षकच. चित्रपटानंतर कोरियात एवढा क्षोभ झाला की पोलिसांनी पुन्हा तपास केला, ती शाळा बंद झाली आणि त्याच वर्षी कायदा बदलला. तेरा वर्षांखालच्या मुलींवरच्या आणि अपंग स्त्रियांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांची कालमर्यादा काढून टाकली. बघायला अतिशय जड आहे, गटात लावायचा तर आधी सगळ्यांना कल्पना द्या.

ओंजळ
निळाई, राग कसला. तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याचं शीर्षक मी पुन्हा वाचलं. "आरोप झालेला शिक्षक" असं लिहिताना मीही मूल बाहेरच ठेवलं होतं. तुमच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं.

धुके
मी बालमानसशास्त्र शिकले आहे, म्हणून 'द हंट'मधल्या एका प्रसंगाबद्दल लिहिते. निळाईंच्या मुद्द्याशी तो जोडलेला आहे.

त्या चित्रपटात छोटी क्लारा लबाड नाही. रागाच्या भरात ती एक वाक्य बोलते. पुढे बालवाडीत एक गृहस्थ तिला प्रश्न विचारायला येतात आणि उत्तर प्रश्नातच घालून देतात, ती फक्त मान हलवते. नंतर ती स्वतः आईला सांगते की मी काहीतरी वेड्यासारखं बोलले, असं काही झालं नाही. तेव्हा आईच तिला समजावते की तुझं मन ते आठवू देत नाहीये. म्हणजे तिचं ऐकणारं कुणीच नाही, आरोप करतानाही नाही आणि मागे घेतानाही नाही. माझ्या मते तो मुलाच्या खोटेपणाचा चित्रपट नाहीच. मोठ्यांना ऐकता येत नाही, त्याचा आहे.

हे हवेतलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या शिक्षकांवरच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांचं प्रकरण 1983 मध्ये सुरू झालं आणि 1990 पर्यंत चाललं. शेकडो मुलांना सुचवणारे प्रश्न विचारले गेले, बाहुल्या दाखवून, "बाकीच्यांनी तर सांगितलं" असं म्हणून. अखेर एकालाही शिक्षा झाली नाही. त्यातून जाणकार जे शिकले ते साधं आहे: मुलाला "काय झालं ते सगळं मला सांग" एवढंच विचारायचं आणि थांबायचं. "सरांनी तुला हात लावला का?" असं नाही. पुन्हापुन्हा वेगवेगळ्या लोकांनी तर मुळीच नाही. असं विचारल्याने खरं सांगणारं मूलही वाचतं आणि निरपराध माणूसही. निळाई, तुम्हाला जर कुणी तेव्हा ते एक वाक्य विचारलं असतं तर...

निळाई
हो. तेवढंच हवं होतं.

काजवा
अजून कुणी 'मॉन्स्टर' लिहिलं नाही याचं नवल वाटतं. जपानी, 2023, दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एडा. कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. संगीत र्‍युइची साकामोटोंचं, त्यांनी चित्रपटासाठी केलेलं हे शेवटचं काम.

एकट्या आईला वाटतं की शिक्षक आपल्या मुलाला मारतो, त्याला टाकून बोलतो. ती शाळेत जाते. तिथे मुख्याध्यापिका आणि शिक्षक ओळीने वाकून माफी मागतात, कागदावर लिहिल्यासारखी, आणि तिच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाहीत. तो शिक्षक तर भर बैठकीत खिशातून चघळायची गोड गोळी काढून तोंडात टाकतो. तुम्हाला त्याची चीड येईल, यायलाच हवी. मग चित्रपट मागे जातो, पहिल्या दृश्यातल्या आगीपाशी, आणि तेच दिवस शिक्षकाच्या बाजूने दाखवतो. मग तिसऱ्यांदा, मुलांच्या बाजूने. पुढे काही सांगत नाही. फक्त त्या गोळीकडे लक्ष असू द्या.

ओंजळ, तुमच्या गटासाठी एक सुचवू का? पहिला भाग संपला की चित्रपट थांबवा. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: काय घडलं असं मला वाटतं, आणि कशावरून. चिठ्ठ्या मिटून ठेवायच्या आणि पुढचं बघायचं. आम्ही असं केलं होतं. "कशावरून" या रकान्यात बहुतेकांनी त्याच्या चेहऱ्याबद्दल लिहिलं होतं.

जुना_प्रेक्षक
काजवा, चिठ्ठ्यांची कल्पना फार आवडली. 'मॉन्स्टर' सुचायला हवा होता, माझ्याकडून राहिला.

या घडीला आपल्या घरचं एक नाव घेतो, 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तेंडुलकरांचं नाटक सगळ्यांना माहीत असतं, पण त्यावर सत्यदेव दुबेंनी 1971 मध्ये चित्रपट केला हे अनेकांना ठाऊक नसतं. लीला बेणारे शिक्षिकाच आहे. वेळ घालवायला म्हणून खोटा खटला सुरू होतो आणि बघता बघता तिचं खरं आयुष्य पिंजऱ्यात उभं राहतं. ज्याच्याबद्दल सगळं चाललं आहे ते प्राध्यापक दामले तिथे हजरच नाहीत, त्यांना कुणी प्रश्नही विचारत नाही. सुलभा देशपांडेंची बेणारे बघा. ओंजळ, तुमच्या विषयात तो सरळ बसत नाही, कारण इथे विद्यार्थ्याची तक्रार नाही. पण सहकारीच न्यायाधीश होऊन बसतात तेव्हा त्यांच्या आवाजात जी मजा उतरते, ती त्यात आहे. रिकाम्या खुर्चीबद्दल वाचल्यावर मला तेच आठवलं.

रातराणी
'द चिल्ड्रन्स अवर' (1961) कुणी पाहिला आहे का? ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन. दोघी मैत्रिणी मुलींची शाळा चालवतात, एक मुलगी आजीच्या कानात काहीतरी सांगते आणि एका दिवसात शाळा ओस पडते. तो एका नाटकावरून घेतला आहे. दिग्दर्शक विल्यम वायलरने त्याच नाटकावर 1936 मध्येही चित्रपट केला होता, पण तेव्हाच्या नियमांमुळे आरोपच बदलावा लागला, दोन स्त्रियांमधल्या प्रेमाचा उल्लेखसुद्धा चालत नव्हता. शेवट आता जुन्या वळणाचा वाटतो, मला तो पटला नाही. पालक एकामागून एक मुलींना घेऊन जातात तो भाग मात्र आजही अंगावर येतो.

धुके
कुणी 'ओलियाना' सुचवण्याआधी लिहिते: गटासाठी नको. प्राध्यापक आणि विद्यार्थिनी, दोघांचेच संवाद, लेखन धारदार आहे. पण विद्यार्थिनी पुढेपुढे माणूस न राहता युक्तिवाद होऊन जाते आणि प्रेक्षकांत दोन तट पडतात. तुम्हाला बोलायचं आहे, भांडायचं नाही.

त्यापेक्षा धीर असेल तर 'अबाउट ड्राय ग्रासेस' (2023, तुर्की, नुरी बिल्गे जेलान). सव्वातीन तासांचा आहे, एका बैठकीत झेपणार नाही. पूर्व अनातोलियातल्या बर्फाळ गावातला चित्रकलेचा शिक्षक, आणि त्याच्या आवडत्या विद्यार्थिनीसकट दोन मुलींनी केलेली तक्रार. नियमाच्या भाषेत त्याने गुन्हा केला का? बहुधा नाही. पण तक्रारीनंतर तो वर्गात मुलांवर ज्या पद्धतीने सूड उगवतो, तुम्ही काय कलाकार होणार, बटाटे-बीट लावाल, असं त्यांच्या तोंडावर म्हणतो, ते बघताना कळतं की "निर्दोष" आणि "चांगला शिक्षक" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा प्रश्न इतर कुठलाच चित्रपट विचारत नाही.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे कारण आधी बघून घ्यायचं ठरवलं होतं.

काल 'मॉन्स्टर' लावला. काजवांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या भागानंतर थांबवून चिठ्ठ्या लिहिल्या. आठ जण होतो. सहा जणांनी शिक्षक दोषी असं लिहिलं, त्यात मी होते. एकीने "माहीत नाही" असं लिहिलं. आठवी चिठ्ठी आमच्या त्या सहकाऱ्यांची. त्यांनीही "दोषी" लिहिलं होतं, आणि कशावरून याच्यापुढे "गोळी खाल्ली". ती वाचून दाखवताना ते थांबले. मग म्हणाले की चौकशी समितीसमोर बसलो होतो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हसू येत होतं, घाबरलो की मला हसू येतं, आणि समितीतल्या एकांनी ते लिहून घेतलेलं मी पाहिलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी खुर्चीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, मला वाटायचं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. तसं ठरवलं नव्हतं हे त्यांना काल पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी स्वतःहून त्या मुलाचा विषय काढला. चौकशीनंतर त्याने शाळा सोडली. तो आता कुठे आहे, त्याच्याशी कुणी बोललं का, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

धुके, मुलाला कसं विचारायचं ते तुम्ही लिहिलंत तो भाग मी कागदावर उतरवून सगळ्यांना दिला. याबद्दल शिक्षकांसाठी सोप्या भाषेत काही वाचायला असेल तर सुचवाल का? मराठीत असेल तर फारच बरं.

पुढच्या महिन्यात 'डाउट'. त्यानंतर 'सायलेन्स्ड', आधी सगळ्यांना कल्पना देऊन. निळाई, त्या दिवशी चर्चेची सुरुवात तुम्ही लिहिलेल्या चार ओळींनी करायची माझी इच्छा आहे, नाव अर्थातच न घेता. तुमची परवानगी असेल तरच.

निळाई
वाचा. बाकाची जागा बदलली, ते वाक्य गाळू नका.