बँकेतली नोकरी आणि घर: नेमकं कुठे अडतं?

मराठवाड्यातल्या शाखांमध्ये काम करणाऱ्यांसाठी हा अनुभव धागा. कोणत्या कामापायी घरची वेळ जाते, त्यातून नोकरीवरचं मन का उडतं आणि शाखेत बसून त्यावर काय करता येतं, तेवढं नेमकं लिहा.

रोखपाल, परभणी जिल्हा:
काउंटर बंद झाला तरी कॅश जुळल्याशिवाय सुटका नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. त्यामुळे शंभराचा फरक दोन घरांची संध्याकाळ खातो. रक्कम कमी भरली तर ती रोखपालालाच भरावी लागते, म्हणून हात घाबरतात आणि चुका वाढतात. फरक पडला की सगळ्या स्लिपा पहिल्यापासून चाळत बसू नका. फरकाला 9 ने भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे बघा. 5,400 चे 4,500 झाले की 900 चा फरक येतो. मग फरकाच्या निम्म्या रकमेची स्लिप शोधा. भरण्याची नोंद उचल म्हणून पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. तरीही सापडलं नाही तर 500 ची पाकिटं पुन्हा मोजा. एखाद्यात 99 किंवा 101 नोटा निघतात. या सगळ्यापेक्षा उपयोगी म्हणजे दुपारी दोनला एकदा कॅश जुळवून घेणं. मग चूक अर्ध्या दिवसातच शोधायची राहते. बाजाराच्या दिवशी हे दोनदा करा.

कृषी अधिकारी, हिंगोली जिल्हा:
आमचा ताण मृगाबरोबर येतो. पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, एकाच वेळी सगळ्यांना हवं असतं, कारण बियाणं-खत घ्यायचं असतं. 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, म्हणून मार्चअखेर भरणा आणि जूनमध्ये उचल अशी दोन टोकांना गर्दी होते. फाइल अडते ती बहुतेक सात-बारावर: फेरफार झालेला नसतो, सामाईक खातेदाराची सही नसते, दुसऱ्या बँकेचा बोजा उतरलेला नसतो. हे तपासायला मे महिना वापरा. गावनिहाय यादी करून सात-बारा आणि आठ-अ आधीच मागवा, गावांना वार ठरवून द्या. आमच्या कामातलं समाधानही याच कामात आहे हे लिहायलाच हवं. पेरणीआधी पैसा हातात पडलेला माणूस समोर दिसतो. रात्री आठपर्यंत बसूनही या कामाचा वीट येत नाही. वीट येतो तो त्याच महिन्यात विम्याच्या पॉलिसींचं टार्गेट मागितलं की.

निवृत्त प्रशिक्षक, नांदेड:
वीट नेमका कशाचा येतो, हा वरचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 1985 साली ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी काम आणि घर यांच्या ओढाताणीची तीन मुळं मांडली: वेळ, ताण आणि वागणूक. पहिली दोन सगळ्यांना कळतात. तिसरं वसुलीवाल्यांनी समजून घ्यावं. हप्ता थकून 61 दिवस झाले की खातं एसएमए-2 मध्ये, म्हणजे बुडण्याआधीच्या शेवटच्या इशाऱ्याच्या यादीत जातं आणि 90 दिवसांनंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं. मधल्या महिन्यात दिवसभर फोनवर लावलेला कडक सूर घरीही तसाच निघतो. वसुलीचे फोन सकाळी अकरा ते एकमध्ये संपवा, शेवटचा तास साध्या कामाला ठेवा. माणूस पगारावर खूश असूनही नोकरीवर नाखूश असतो, त्याचं बरंचसं कारण या तिसऱ्या मुळात सापडतं.

लिपिक, बीड जिल्हा:
खेड्यातल्या शाखेत अप-डाऊन करणाऱ्याचा दिवस शेवटच्या एसटीवर ठरतो. ती चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. अनेक लिपिक, विशेषतः बायका, पदोन्नतीची परीक्षाच देत नाहीत, कारण अधिकारी झालं की बदलीचा पल्ला वाढतो. पात्रता असून त्याच खुर्चीत राहिल्याची खंत वर्षानुवर्षं साचते.

शाखा व्यवस्थापक, लातूर जिल्हा:
मुलांच्या अकरावी-बारावीसाठी घर लातूरला आणि पोस्टिंग दुसरीकडे, असे अधिकारी भरपूर. त्यांना आठवड्याचे सलग दोन दिवस महिन्यातून दोनदाच मिळतात, कारण सप्टेंबर 2015 पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा आहे. मार्च 2024 च्या करारावेळी पाच दिवसांच्या आठवड्यावर सहमती झाली, पण अंमल सरकारच्या मंजुरीवर ठेवला गेला.
तोवर हातात आहे ते रजेचं नियोजन. रजा नाकारली जाते ती बहुधा किल्ली घ्यायला तिसरा माणूस नसतो म्हणून. त्यामुळे शाखेत किमान तिघांना कॅशचं काम येईल अशी पाळी लावा आणि किल्लीची देवघेव रजिस्टरला नोंदवा. संवेदनशील कामावरच्या माणसाला वर्षातून सलग 10 कामाचे दिवस अचानक रजेवर पाठवावंच लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो अशा शाखेत न रडता पाळता येतो. वरिष्ठ कार्यालयाची संध्याकाळी सहाची व्हिडिओ बैठक मात्र वरूनच हलली पाहिजे. ती दुपारी चारला घेतली तर त्याच दिवशी उत्तरं पाठवता येतात.

लिपिक, जालना जिल्हा:
एक भर. निराधारचा पगार, पीएम किसानचा 2,000 चा हप्ता, लाडकी बहीण, अतिवृष्टीचं अनुदान, पैसे पडले की गर्दीतले निम्मे लोक फक्त "जमा झाले का?" एवढंच विचारायला आलेले असतात. दाराशी पासबुक छापायचं मशीन आणि आधार जोडणीचे अर्ज भरून घ्यायला वेगळं टेबल ठेवा. लहान उचल गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या प्रतिनिधीकडे वळवा. अंगठा उमटत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढं काउंटरवर आधी घ्या.