मदत हवी आहे: जर्मनीत 'राजीखुशीने' नोकरी सोडायच्या करारावर सही करू का?

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं आहे, ब्लू कार्डावर (कुशल परदेशी लोकांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना). सोमवारी एचआरने बोलावून आउफहेबुंग्सफेरट्राग पुढे सरकवला, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवायचा करार. दर वर्षामागे अर्धा महिन्याचा पगार देणार. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं म्हणे.

मी वाचलं ते असं: कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं आणि नोकरीला सहा महिने पूर्ण, तर योग्य कारणाशिवाय काढता येत नाही. काढलंच तर 3 आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावायचा. कंपनीत कामगार मंडळ (कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी) असेल आणि त्याला आधी विचारलं नसेल, तर नोटीसच रद्द. म्हणूनच काढत नसावेत, सही मागतायत! सही केली की दावा गेलाच, वर बेकारभत्ता 12 आठवडे अडकू शकतो.

बाबा भोसरीत कामाला होते. तेव्हा 100 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कपातीला सरकारी परवानगी लागायची (2020 च्या नव्या संहितेत हा आकडा 300 झाला). त्यांचा मालक सरळ कंत्राटी पोरं भरायचा. त्यामुळे कागदावरच्या संरक्षणावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

इथे कुणी सही न करता थांबलंय का? पुढे काय झालं? रक्कम वाढवून मिळते का? वकिलाचा खर्च देणारा विमा नाही, तर खर्च साधारण किती येतो? आणि ब्लू कार्डाचं काय, नोटीस संपल्यावर नवी नोकरी शोधायला प्रत्यक्षात किती वेळ मिळाला? घरी अजून सांगितलेलं नाही.