पीट सगळंच खत धरून ठेवत नाही!

मातीवेडा: काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं, 'पीटमध्ये एकदा खत घाला, झाड वर्षभर खात राहतं.' वाचून राहवलं नाही. पीट म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पती. त्याला चिकटतात ते धनभारित आयन, म्हणजे धन विद्युतभाराचे कण. कॅल्शियम-मॅग्नेशियम घट्ट, अमोनियम-पालाश सैल. नायट्रेट ऋणभारित, ते पाण्याबरोबर सरळ खाली. स्फुरदही तसाच! मातीत त्याला लोह-अ‍ॅल्युमिनियम पकडतात, पीटमध्ये ते नावापुरते असतात.

जुना_माळी: ते मीच लिहिलंय. पीटची सीईसी, म्हणजे धनभारित आयन धरून ठेवायची क्षमता, १०० ग्रॅमला १०० मिलिइक्विव्हॅलंटच्या (हे तिचं माप) वर जाते. चिकणमातीलाही मागे टाकतं. वीस वर्षं पीटवर रोपं वाढवतोय, पोथ्या वाचून नाही.

मातीवेडा: १०० ग्रॅम म्हणजे केवढं ते बघा ना! कोरडं पीट लिटरभर घेतलं तर तेवढंच भरतं, माती किलोच्या वर. कुंडी आपण वजनावर भरतो का? त्यात सामू (पीएच) ४, म्हणजे पीट आम्लधर्मी असलं की बऱ्याच जागा हायड्रोजननेच अडवलेल्या. चुना घातल्यावर त्या मोकळ्या होतात.

ओंजळ: मुळात पीट हवंच कशाला? दलदलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं ते, आपण पोत्यांनी उपसतो. कोकोपीट घ्या, नारळाच्या काथ्याचा भुसा.

जुना_माळी: कोकोपीटचं नाव काढू नका! मिरचीची अख्खी खेप गेली माझी. कोवळी पानं चुरगळलेली, शेंडे करपलेले.

ओंजळ: कॅल्शियम मिळालं नाही त्यांना. न धुता वापरलंत.

जुना_माळी: तीनदा धुतलं होतं! न बघता आरोप करू नका.

ओंजळ: साध्या पाण्याने मोकळे क्षार जातात. चिकटलेलं सोडियम-पालाश हटवायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं. नाहीतर कोकोपीट तुमच्या खतातलं कॅल्शियम ओढून घेतं.

जुना_माळी: हे विकणाऱ्याने सांगायला नको? रोपं माझी मेली.

मातीवेडा: धागा पीटचा आहे हो! आणि धरून ठेवणं नेहमी झाडाच्या भल्याचं नसतं. पीट तांबं इतकं आवळून धरतं की झाड उपाशी राहतं. नायट्रेटचं म्हणाल तर खत दिल्यावर तिसऱ्या पाण्याला कुंडीखालच्या बशीत चाचणीपट्टी बुडवली, गडद गुलाबी झाली. माझं खत बशीत होतं.

जुना_माळी: बशीत हिरवं शेवाळ माझ्याकडेही धरतं. बरं, नायट्रेट-स्फुरदाचं मान्य. मी स्वतः दर आठवड्याला पातळ खत देतो, 'वर्षभर' लिहायला नको होतं. पण कोकोपीटबद्दल एक शब्दही मागे घेणार नाही.