‘वर जाताना जी ऋण, खाली येताना धन’ हे शिकवणं थांबवावं का?

खडूफळा:
नववी-दहावीच्या मुलांना जीच्या, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या, चिन्हाचा हा नियम सर्रास पाठ करायला लावतात. तो बंद व्हावा, असं माझं ठाम मत आहे. चेंडू वर जातो, माथ्यावर त्याचा वेग शून्य होतो, मग तो खाली येतो. या सगळ्या काळात पृथ्वी त्याला खालीच ओढत असते. मग त्वरणाचं चिन्ह मध्येच का पालटावं?

२५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर केव्हा पडेल? (जी १० धरू.) वरची दिशा धन ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. विस्थापन −२५, सुरुवातीचा वेग +२०, त्वरण −१०. वेळ क्ष सेकंद मानली तर −२५ = २०क्ष − ५क्ष². क्ष = ५. झालं!

क्लासवाले_सर:
असहमत. तुकडे पाडूनही ५च येतात: वर २० मीटर जायला २ सेकंद, मग ४५ मीटर पडायला ३. यात मुलाला चेंडू डोळ्यांसमोर दिसतो. नववीत वर्गसमीकरण कुठे शिकवलेलं असतं? आणि तुमच्या समीकरणातून क्ष = −१ हेही उत्तर निघतं, त्याचं काय करायचं?

खडूफळा:
सर, ते −१ खोडून टाकू नका, फार सुंदर आहे ते. चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने फेकला असता, तर शून्याव्या सेकंदाला तो गच्चीपाशी बरोबर २० च्या वेगाने वर जाताना दिसला असता. समीकरणात गच्ची कुठेच नाही, म्हणून ते जमिनीपासून जमिनीपर्यंतचा सगळा मार्ग सांगतं. पडतानाचा वेगही −३० येतो, ताडून पाहा.

‘ऋण त्वरण म्हणजे मंदन (चाल कमी होणं)’ हा गैरसमजही अशा पाठांतरानेच पक्का होतो. खाली येताना वेग −१० चा −२० होतो. त्वरण ऋणच आहे, तरी चेंडूची चाल वाढते. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तेव्हाच मंदन.

रहाटगाडगं:
ताई, कप्पीच्या गणितात काय कराल? एका बाजूला ३ किलो, दुसऱ्या बाजूला २. दोन्हींना वरचीच दिशा धन धरली की त्वरणं उलट चिन्हांची येतात, आणि नेमकं तेच मुलं विसरतात. मी ३ किलोला खालची आणि २ किलोला वरची दिशा धन धरतो. ३० − ताण = ३ × त्वरण, ताण − २० = २ × त्वरण. त्वरण २, ताण २४ न्यूटन.

खडूफळा:
अवश्य धरा. प्रत्येक वस्तूची धन दिशा तुम्ही आधी ठरवलीत आणि गणित संपेपर्यंत बदलली नाहीत. माझा आग्रह तेवढाच आहे.

क्लासवाले_सर:
आणि घर्षण? उतारावरून वर सरकलेला ठोकळा परत फिरला की तुकडे पाडावेच लागतात.

खडूफळा:
हो, कारण तिथे घर्षणाचं बलच दिशा बदलतं. गुरुत्वाचं बदलत नाही.

क्लासवाले_सर:
बरं. नववीला मी तुकडेच शिकवणार. मात्र दुसऱ्या तुकड्याआधी ‘आता खालची दिशा धन’ असं वहीत लिहून घेईन.

खडूफळा:
तसं असेल तर माझी हरकत नाही. पण मग वेग आणि विस्थापन यांचीही चिन्हं त्याच ओळीपासून पालटायला हवीत, एकट्या जीचं नाही.